सर्व्हरच्या फायरवॉलचे नियम खरोखर लागू आहेत का, हे तपासण्याची पद्धत

नव्याने सर्व्हर सांभाळू लागलेली व्यक्ती फायरवॉलचे, म्हणजे कोणती जोडणी आत येऊ द्यायची आणि कोणती अडवायची हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचे, नियम लिहिते, आपले संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडून पाहते आणि ते उघडले की काम झाले असे मानते. या तपासणीतून एवढेच कळते की जे चालायला हवे होते ते चालते आहे. जे अडायला हवे होते ते अडते का, हा प्रश्न तसाच राहतो, आणि फायरवॉल बसवली जाते ती याच दुसऱ्या प्रश्नासाठी. चालणारी गोष्ट बंद पडली तर तासाभरात कोणाचा तरी फोन येतो. बंद असायला हवे ते पोर्ट (एकेका सेवेसाठीचे क्रमांक दिलेले दार) उघडे राहिले तर कोणीही कळवत नाही. म्हणून पुढील पद्धतीत निम्म्याहून अधिक श्रम नकाराच्या तपासणीवर खर्च केलेले दिसतील, आणि ते तसेच असावेत असे माझे ठाम मत आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून नागपुरातील एक काल्पनिक धान्याची पेढी डोळ्यांसमोर ठेवू. तिचे कार्यालय इतवारीत आहे आणि तेथे ब्रॉडबँडचा स्थिर आयपी पत्ता आहे; तो २०३.०.११३.२५ आहे असे मानू. कळमना बाजारातील गाळ्यावर मोबाईल डेटावर काम चालते. बिलांचे सॉफ्टवेअर मुंबईतील डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर आहे, आणि त्याच खासगी जाळ्यात १०.०.०.७ या पत्त्यावर अहवाल काढणारा दुसरा सर्व्हर आहे. वेबसाठी ४४३ हे पोर्ट सर्वांना खुले असावे, दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचचे २२ हे पोर्ट फक्त इतवारीतून उघडावे आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे ५४३२ हे पोर्ट फक्त अहवालाच्या सर्व्हरला दिसावे, एवढीच अपेक्षा आहे. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे ते कोणाच्याही खऱ्या यंत्राचे नसतात.)

पहिली पायरी : परवानगी आणि परतीची वाट

सर्व्हर स्वतःचा नसेल तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि तीत कोणत्या पत्त्याची, कोणत्या दिवशी, कोणत्या साधनाने तपासणी होईल हे नमूद करावे. सर्व्हर भाड्याचा असेल तर पुरवठादाराच्या अटीही वाचाव्यात. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये येते, आणि तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पत्ता टाइप करताना एक अंक चुकला तरी तपासणी परक्या यंत्राची होते, म्हणून पत्ता नेहमी चिकटवावा. हाताने लिहू नये.

परतीची वाट म्हणजे पुरवठादाराच्या संकेतस्थळावरून उघडणारा कन्सोल. तो फायरवॉलवर अवलंबून नसतो, म्हणून एसएसएच बंद पडले तरी त्यातून आत जाता येते. तपासणीपूर्वी त्यात प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे, कारण अनेक सर्व्हरवर एसएसएच किल्लीने चालते आणि कन्सोलसाठी लागणारा पासवर्ड कधी ठेवलेलाच नसतो. नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर आहे, आणि तेथे पोहोचूनही डेटा सेंटरमध्ये कोणी सहज आत घेत नाही.

दुसरी पायरी : नियम न पाहता तक्ता लिहावा

तक्ता गरजेवरून लिहावा, लिहून ठेवलेल्या नियमांवरून नव्हे. नियम समोर ठेवून तक्ता केला तर नियमातली चूक तक्त्यातही उतरते आणि तपासणी निर्दोष पार पडते. प्रत्येक ओळीत कोठून, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर, टीसीपी (आधी जोडणी करून बोलणारी पद्धत) की यूडीपी (जोडणी न करता पाठवणारी), आणि अपेक्षित उत्तर काय, एवढे लिहावे. आपल्या पेढीसाठी इतवारीतून २२ उघडे, कळमन्यातून २२ बंद, दोन्हीकडून ४४३ उघडे, इतवारीतूनसुद्धा ५४३२ बंद, अहवालाच्या सर्व्हरवरून ५४३२ उघडे पण २२ बंद, अशा ओळी होतील. यांतली ‘इतवारीतूनसुद्धा ५४३२ बंद’ ही ओळ नवखे हमखास विसरतात, कारण आपले कार्यालय विश्वासाचे आहे म्हणजे त्याला सर्व काही खुले असायला हरकत नाही असे वाटते. कार्यालयातल्या एका संगणकात व्हायरस शिरला की त्या विश्वासाचा लाभ त्यालाही मिळतो.

तिसरी पायरी : सर्व्हरवर कोण ऐकत आहे

सर्व्हरवर ‘एसएस’ ही कमांड टी, यू, एल, एन, पी ही पाच अक्षरे जोडून रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालवावी. कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर जोडणीची वाट पाहत आहे, हे त्यात दिसते. पत्त्याचा रकाना नीट वाचावा. तेथे १२७.०.०.१ असेल तर तो प्रोग्राम फक्त त्याच यंत्राला उत्तर देतो, ०.०.०.० असेल तर आयपीव्ही४ च्या (जुन्या, चार अंकगटांच्या प्रकारच्या) सर्व पत्त्यांवर ऐकतो. चौकटी कंसात दोन विसर्गचिन्हांसारखी खूण असेल तर तो आयपीव्ही६ वर (नव्या, लांब पत्त्यांवर) ऐकतो, आणि नुसती तारका (*) असेल तर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्हींवर. जो प्रोग्राम बाहेर दिसण्याची गरजच नाही त्याला १२७.०.०.१ वर बांधून टाकणे हा फायरवॉलच्या आधीचा आणि अधिक भरवशाचा उपाय आहे.

चौथी पायरी : नियमांचा क्रम वाचावा

लिनक्समधील फायरवॉलच्या दोन यंत्रणांपैकी आयपीटेबल्स २००१ साली २.४ या कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) आले आणि एनएफटेबल्स २०१४ साली ३.१३ सोबत. उबंटूवरील यूएफडब्ल्यू आणि रेड हॅट परिवारातील फायरवॉलडी ही त्यांच्यावरची सोपी आवरणे आहेत. नियमांच्या साखळीत पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून येणारा माहितीचा तुकडा, वरून खाली जाते आणि स्वीकार किंवा नकार सांगणारा पहिला नियम लागू झाला की त्या साखळीतला प्रवास थांबतो. समजा, एका पत्त्यावरून लॉगिनच्या पानावर सतत उपद्रव होतो म्हणून तुम्ही यूएफडब्ल्यूमध्ये त्या पत्त्याला मनाई करणारा नियम घातला. तो यादीच्या शेवटी गेला, आणि त्याच्या वर ‘४४३ सर्वांना खुले’ हा नियम आधीच बसलेला आहे. मनाईचा नियम यादीत स्पष्ट दिसतो, पण एकही पॅकेट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी ‘इन्सर्ट’ वापरून तो पहिल्या क्रमांकावर घालावा लागतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. ‘आयपीटेबल्स’ ही कमांड कॅपिटल एल, व्ही आणि एन या पर्यायांसह चालवली की प्रत्येक नियमासमोर त्याला लागू झालेल्या पॅकेटांची संख्या येते. एनएफटेबल्समध्ये अशी मोजणी आपोआप होत नाही; ज्या नियमाची हवी असेल त्यात ‘काउंटर’ हा शब्द घालावा लागतो. तपासणीपूर्वी आकडा टिपून ठेवावा, बाहेरून एक प्रयत्न करावा आणि पुन्हा पाहावे. प्रयत्न अडला, पण ज्या नियमाने तो अडायला हवा होता त्याचा आकडा हललाच नाही, तर तो दुसऱ्याच कोणत्या तरी कारणाने अडलेला आहे आणि ते कारण उद्या नाहीसे होऊ शकते.

पाचवी पायरी : नियम बदलताना स्वतःला बाहेर कोंडू नये

नवे नियम लावण्याआधी सध्याचे नियम फाइलमध्ये जतन करावेत आणि पाच मिनिटांनी ते आपोआप परत लागू होतील अशी योजना करावी. ‘अ‍ॅट’ किंवा ‘सिस्टमडी-रन’ या ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनांनी हे होते; यूएफडब्ल्यू असेल तर पाच मिनिटांनी ते बंद करण्याची कमांड नेमून ठेवणे सर्वांत सोपे, फक्त त्यानंतर सर्व्हर उघडा राहतो याचे भान ठेवावे. आयपीटेबल्ससोबत येणारा ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ हा प्रोग्राम नियम लावून विचारतो की जोडणी शाबूत आहे का, आणि उत्तर आले नाही तर जुने नियम परत आणतो. एनएफटेबल्सची फाइल लागू करण्यापूर्वी ‘सी’ या पर्यायाने व्याकरण तपासता येते. मात्र ती तपासणी फक्त लिखाणाची असते, नियमांच्या परिणामाची नव्हे.

नियम लागल्यावर चालू असलेली टर्मिनलची खिडकी मुळीच बंद करू नये. दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन करावे. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. फायरवॉल सुरू असलेल्या जोडण्यांची नोंद ठेवते आणि बहुतेक नियमावलींत ‘आधी जुळलेल्या जोडणीला जाऊ द्या’ असा नियम सर्वांत वर असतो. त्यामुळे २२ क्रमांकाचे पोर्ट पूर्ण बंद केले तरी तुमची जुनी खिडकी सुरळीत चालत राहते. एसएसएचच्या सेटिंगमध्ये जोडणी वाटून घेण्याची सोय सुरू असेल तर नवी दिसणारी खिडकीदेखील जुन्याच जोडणीतून आत जाते. म्हणून तपासताना कॅपिटल एस या पर्यायापुढे ‘नन’ लिहून ती सोय टाळावी. नवे लॉगिन झाले की मगच नेमून ठेवलेली परतीची कमांड रद्द करावी.

सहावी पायरी : योग्य ठिकाणाहून दार ठोठावणे

सर्व्हरवरूनच त्याची तपासणी करू नये. पत्ता त्याच यंत्राचा असेल तर पॅकेट बाहेर जातच नाही, ते आतल्या लूपबॅकवरून फिरते आणि लूपबॅकला बहुधा सर्व काही माफ असते. तपासणी तक्त्यातल्या ‘कोठून’ या रकान्यातील जागेवरूनच व्हायला हवी.

प्रत्येक जागेवरून आधी आपला पत्ता सर्व्हरला कसा दिसतो ते पाहावे. आत लॉगिन असेल तर ‘हू’ ही कमांड तो सांगते. नाही तर वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये तो दिसतो. इतवारीतला पत्ता स्थिर असल्याची पुरवठादाराकडून खात्री करून घ्यावी, कारण तो स्थिर नसेल तर पावसाळ्याच्या तोंडावर वादळाने वीज गेली आणि राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ता बदलू शकतो, आणि एसएसएचचा नियम भलत्याच ग्राहकाला खुला होतो. मोबाईल डेटावर एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, म्हणून गाळ्यावरचा तसा पत्ता नियमात कधीच घालू नये. नकाराच्या तपासणीसाठी मात्र तीच जागा उत्तम आहे.

तपासणीसाठी ‘नेटकॅट’ पुरेसे आहे: ‘एनसी’ला झेड, व्ही आणि डब्ल्यू हे पर्याय, डब्ल्यूपुढे ५, मग सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट. डब्ल्यू म्हणजे किती सेकंद वाट पाहायची. तो दिला नाही तर अडलेल्या जोडणीसाठी लिनक्स दोन मिनिटांपर्यंत थांबू शकते. उत्तरे तीन प्रकारची येतात, आणि त्यांतला फरक ओळखणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

जोडणी झाली, तर पोर्ट उघडे आहे आणि मागे प्रोग्राम ऐकत आहे. लगेच नकार आला, तर पॅकेट बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचले, पण तेथे कोणी ऐकत नव्हते किंवा फायरवॉलने ‘रिजेक्ट’ म्हणून स्पष्ट नाही म्हटले. काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर वाटेत कोठे तरी पॅकेट गुपचूप टाकून दिले गेले, म्हणजे ‘ड्रॉप’ झाले. दुसऱ्या उत्तरात नवखे फसतात. कळमन्यातून ५४३२ ला नकार आला म्हणून फायरवॉल काम करते असा निष्कर्ष काढला जातो, आणि प्रत्यक्षात त्या दिवशी डेटाबेस बंद असतो. डेटाबेस सुरू झाला की तेच पोर्ट जगाला दिसू लागते. म्हणून ज्या बंद पोर्टवर काही ऐकत नाही तेथे तपासणीपुरते ‘एनसी’ला एल हा पर्याय देऊन एक तात्पुरता श्रोता बसवावा आणि मग बाहेरून प्रयत्न करावा. श्रोता असूनही आत जाता आले नाही तरच नियम सिद्ध झाला.

अनुत्तरित राहिलेल्या प्रयत्नाबाबतही एक शंका फेडावी लागते: पॅकेट कोणी टाकले? कार्यालयाचा राउटर, महाविद्यालयाचे वायफाय किंवा इंटरनेट पुरवठादार हेही काही पोर्ट अडवतात. त्यासाठी सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे ‘टीसीपीडम्प’ सुरू ठेवून फक्त त्या पोर्टची पॅकेटे पाहावीत. येणारे पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसते. कळमन्याहून आलेल्या प्रयत्नाच्या ओळीत ‘फ्लॅग्ज’ या शब्दापुढे चौकटी कंसात फक्त इंग्रजी एस हे अक्षर दिसते, म्हणजे जोडणीची विनंती. तीच ओळ थोड्या थोड्या अंतराने पुन्हा येते आणि सर्व्हरकडून एकही उत्तर जाताना दिसत नाही. याचा अर्थ विनंती दारापर्यंत आली आणि तुमच्या सर्व्हरने ती टाकली. एकही ओळ आली नाही तर विनंती वाटेतच मेली आणि तुमच्या नियमाची परीक्षा झालेलीच नाही. त्याच जागेवरून लगोलग ४४३ वर प्रयत्न करून जोडणी होते हेही पाहावे, म्हणजे त्या जागेचे इंटरनेटच बंद होते असे घडलेले नाही याची खात्री होते.

संपूर्ण चित्रासाठी एकाच वेळी अनेक पोर्ट तपासणारे ‘एनमॅप’ वापरावे. ते १९९७ पासून उपलब्ध आहे आणि काही न सांगता चालवले तर सर्वाधिक वापरात असलेली १,००० टीसीपी पोर्टच पाहते. एकूण पोर्ट ६५,५३५ आहेत, म्हणून पी या अक्षरानंतर आडवी रेघ देऊन सर्व पोर्ट पाहण्यास सांगावे, आणि सर्व्हर पिंगला उत्तर देत नसेल तर ‘कॅपिटल पी, स्मॉल एन’ हा पर्यायही जोडावा, नाही तर यंत्र बंद आहे असे समजून एनमॅप पुढे जात नाही. उघडे, बंद आणि गाळलेले, म्हणजे ओपन, क्लोज्ड आणि फिल्टर्ड, ही त्याची उत्तरे वर सांगितलेल्या तिन्हींशी बहुतांशी जुळतात. तक्त्यात नसलेले एखादे पोर्ट उघडे सापडले, तर ही पायरी सार्थकी लागली.

यूडीपीमध्ये जोडणी असा प्रकार नसल्याने मौनाचा अर्थ उघडे किंवा गाळलेले असा दोन्ही होतो, आणि एनमॅप तसेच लिहिते. लिनक्स नकाराचे संदेश मोजून मापून पाठवत असल्याने यूडीपीची सर्व पोर्ट पाहायला अठरा तासांहून अधिक लागू शकतात. म्हणून ५३ आणि १२३ यांसारखी मोजकी पोर्टच तपासावीत, आणि शक्यतो त्या सेवेचाच खरा प्रश्न विचारून.

सातवी पायरी : मागची दारे

जिओसारखी मोबाईल जाळी मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वापरतात. सर्व्हरलाही आयपीव्ही६ पत्ता असेल तर नाव वापरून केलेली तपासणी त्याच वाटेने जाऊ शकते. आयपीटेबल्सचे नियम फक्त आयपीव्ही४ ला लागू होतात. आयपीव्ही६ साठी आयपी६टेबल्स वेगळे लिहावे लागते. एनएफटेबल्समध्ये ‘आयनेट’ प्रकारचा तक्ता केला तर दोन्हींना एकच नियम पुरतो. पुढील तपासणी दोन्ही पत्त्यांवर स्वतंत्रपणे करावी: ‘कर्ल’ला आणि ‘एनसी’ला ४ किंवा ६ हा पर्याय देता येतो, आणि एनमॅपला फक्त ६ सांगावे लागते. आयपीव्ही६ वर सर्व आयसीएमपी (जाळ्यातील यंत्रांचे आपसांतले सूचना-संदेश) अडवण्याचा मोह टाळावा, कारण शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधण्याचे कामच त्यावर चालते. ते अडले की आयपीव्ही६ बंद पडते.

दुसरे मागचे दार डॉकरचे (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाचे) आहे, आणि माझ्या मते आज सर्वाधिक सर्व्हर याच दारातून उघडे राहतात. कंटेनरचे पोर्ट प्रकाशित केले की डॉकर स्वतःचे नियम घालून पॅकेटचा पत्ता आधीच बदलतो. मग ते पॅकेट ‘इनपुट’ (सर्व्हरसाठीच आलेल्या पॅकेटांच्या) साखळीत न जाता ‘फॉरवर्ड’ (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या) साखळीत जाते, आणि यूएफडब्ल्यूमध्ये लिहिलेली मनाई त्याच्या वाटेतच येत नाही. यूएफडब्ल्यू ५४३२ बंद सांगते आणि बाहेरून ते उघडे असते. पोर्ट प्रकाशित करताना आधी १२७.०.०.१ लिहावे, बाहेर दाखवणे भागच असेल तर मर्यादा ‘डॉकर-यूजर’ या साखळीत घालावी.

तिसरे म्हणजे क्लाउडची स्वतःची फायरवॉल. तिच्यामागे सर्व्हरची फायरवॉल झाकली जाते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्यात. खासगी जाळ्यातील अहवालाच्या सर्व्हरवरून केलेला प्रयत्न येथे फार उपयोगी पडतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये सिक्युरिटी ग्रुप जोडणी लक्षात ठेवतो, पण नेटवर्क एसीएल ती लक्षात ठेवत नाही, त्यामुळे तेथे परतीच्या पॅकेटांसाठी वरच्या क्रमांकांची पोर्ट वेगळी मोकळी ठेवावी लागतात.

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर बंधन घातले असेल तर नाव शोधणे, वेळ जुळवणे आणि पॅकेज अद्ययावत करणे ही तीन कामे हाताने करून पाहावीत. वेळ जुळवणे अडले तर ते लगेच कळत नाही, घड्याळ हळूहळू सरकत जाते.

आठवी पायरी : पुन्हा सुरू केल्यानंतर

आयपीटेबल्सने थेट घातलेले नियम सर्व्हर पुन्हा सुरू झाला की नाहीसे होतात; फायरवॉलडीमध्ये ‘पर्मनंट’ न सांगता घातलेल्या नियमांचेही तेच होते. म्हणून नियम जतन करावेत, पेढीचे काम नसलेल्या वेळी सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करावा आणि तक्त्यातील सर्व ओळी पहिल्यापासून तपासाव्यात. तक्ता स्क्रिप्टच्या रूपात लिहिलेला असेल तर याला काही मिनिटेच लागतात. नवे पॅकेज, नवा कंटेनर किंवा कर्नलचा बदल झाल्यानंतर हीच स्क्रिप्ट इतवारीतून आणि मोबाईल डेटावरून अशी दोन्हीकडून चालवावी.

शेवटी तात्पुरते श्रोते बंद करावेत, टीसीपीडम्प थांबवावे, तपासणीसाठी घातलेले नियम काढून टाकावेत, नेमून ठेवलेली कोणतीही परतीची कमांड शिल्लक नाही हे ‘अ‍ॅट’च्या रांगेत आणि सिस्टमडीच्या टायमरच्या यादीत पाहावे, आणि तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे मिळालेले उत्तर, ते कोणत्या पत्त्यावरून मिळाले आणि तारीख लिहून ती फाइल सर्व्हरबाहेर ठेवावी.